टेलची पाळी

बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या एका कॉलेजात मी खेळाचा मास्तर म्हणून रुजू झालो, तेव्हा प्राचार्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "हॉकी म्हणजे ती बर्फावरची ना?" मी पुण्यात लहानाचा मोठा झालेला, कॉलेजभर हॉकी खेळलेला, आणि स्वभावानं तापट. डोक्यात सणकच गेली. पण नोकरीचा पहिला दिवस होता, म्हणून हसलो. म्हणालो, "नाही सर, मातीवरची."

मुलींचा संघ उभा करायचा हे खूळ माझंच. मुलांना क्रिकेटपुढं काही दिसत नव्हतं. मुली आल्या त्या कबड्डीच्या निवडीत मागं राहिलेल्या, एनसीसीत उंचीला कमी पडलेल्या, आणि दोघी तर नुसत्या मैत्रीण आली म्हणून आलेल्या. कुणी काटेवाडीची, कुणी पिंपळीची, एक कोऱ्हाळे बुद्रुकहून एसटीनं येणारी. मैदान मुरमाचं आणि त्यात सराटे. चेंडू शेजारच्या उसात गेला की तो शोधायला अख्खा संघ आत शिरायचा आणि मैदानावर मी एकटा शिट्टी वाजवत उभा. बाहेर यायच्या तेव्हा चेंडू एकीच्या हातात आणि ऊस सगळ्यांच्या. खुरपणीनं कंबर तयार होती, त्यामुळं वाकून पळायला मात्र कुणाला शिकवावं लागलं नाही.

गोलकीपर काही मिळेना. अंगावर येणाऱ्या चेंडूपुढं उभं राहायला कोण राजी होणार? शेवटी एक उंच, कमी बोलणारी मुलगी पुढं आली. "मी हुबी ऱ्हाते सर. आमचा बैल मारका हाय, सवय हाय मला." ती इंदापूर तालुक्यातली, टेलची. टेल म्हणजे कालवा जिथं संपत येतो तो भाग. ती खरोखरच उभी राहिली. पायाला जाड पॅड, डोक्याला हेल्मेट, आणि चेंडू आला की डोळे मिटायचे नाहीत, हे तिनं एका दिवसात शिकून घेतलं. असा गोलकीपर मला पुण्यातही मिळाला नसता.

तिचे वडील एकदा स्वतः कॉलेजात आले. "जय भीम सर," म्हणाले, आणि खुर्चीवर न बसताच बोलले, "खेळू द्या तिला. पण पाण्याच्या आड आलं तर चालायचं न्हाय." मला वाटलं, घरचं पाणी भरायचं असेल. मी म्हणालो, "काळजी करू नका." कशाची काळजी करू नका ते मला ठाऊक नव्हतं.

प्राचार्यांनी मुदत दिली होती. यंदाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत अकराच्या अकरा मुली मैदानात उतरवून दाखवा, नाहीतर पुढच्या वर्षापासून हॉकी बंद. माझ्याकडं मोजून अकरा होत्या. बाराव्या मुलीचं लग्न ठरलं आणि ती सासरच्या गावातल्या कॉलेजात गेली.

आणि सरावाला या अकरा कधी एकत्र येतील तर शपथ. एकदा पिंपळीची एक म्हणाली, "सर, उद्या मी न्हाय. पाळी हाय." मी शहरातला, स्वतःला मोठा सुधारलेला समजणारा. मुलगी सरांना इतकं सरळ सांगते याचं मला कौतुकच वाटलं. चेहरा अगदी साधा ठेवून म्हणालो, "अजिबात येऊ नकोस. आराम कर." तिनं माझ्याकडं चमत्कारिक नजरेनं पाहिलं. पुढच्या आठवड्यात काटेवाडीची. तिलाही तेच सांगितलं. मग मी जरा जास्तच सुधारलो. मेडिकलमधून पाकीट आणून खेळाच्या कपाटात ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं, "कपाटात पॅड ठेवलीत. लागतील तशी घ्या, विचारायची गरज नाही." सगळ्यात आधी धावली ती गोलकीपर. तिला वाटलं, पायाची नवी पॅड आली. पाकीट बघून तिनं हळूच कपाट लावलं.

थंडी पडायला लागली तेव्हा ती एकदा सराव संपल्यावर थांबली. चेहरा उतरलेला. "सर, औंदा पाळी लांबली. महिना होत आला. पप्पा लई टेन्शनमदी हायत."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. मी एवढंच विचारलं, "आईला माहीत आहे?"

"अख्ख्या गावाला माहीत हाय सर," ती म्हणाली. "उशिरा का हुईना, येईल म्हणत्यात."

मी तडक ग्रंथपाल मॅडमना गाठलं. त्या इंदापूरच्याच, संघाच्या व्यवस्थापक म्हणून त्यांचं नाव मीच दिलेलं. आवाज खाली आणून, पाळी हा शब्द टाळून, मुलगी संकटात आहे एवढंच सांगितलं. त्या पण गंभीर झाल्या. ठरलं असं की एका मुलीला वेगळं काढून विचारलं तर ती घाबरेल, तेव्हा दुसऱ्या दिवशी सगळ्यांनाच गोल करून बसवायचं आणि मॅडमच्या समोर बोलायचं. मी रात्री भाषणाची तयारी केली. शरीर, आरोग्य, अंधश्रद्धा, सगळं त्यात होतं. दुसऱ्या दिवशी बोलायला लागलो. पाळीत घरचे तुम्हाला राबवत असतील तर ते चूक आहे, विश्रांती हा तुमचा हक्क आहे, असा माझा आवाज चढत गेला. मुली माना खाली घालून ऐकत होत्या. मला वाटलं, लाजल्यात.

भाषण संपल्यावर गोलकीपरनं हात वर केला. "सर, पण पाळीला आमी विश्रांती घेतली, तर दारं कोण धरणार?"

"कसली दारं?"

"उसाची. पानी आल्यावर."

मॅडमनी पदर तोंडात कोंबला. मग त्यांना तोही पुरेना. "अहो सर, कालव्याची पाळी! पाण्याची!" एवढं त्या कशाबशा म्हणाल्या आणि मैदानातच बसल्या. मुलींना आधी कळेना, आणि कळलं तेव्हा त्या जमिनीवर लोळल्या. "सर, ती असली तर आमी तुमाला सांगू का? आमी अडचण हाय म्हणतो!" कोऱ्हाळ्याची म्हणाली आणि पुन्हा तोंड झाकून घेतलं. मी लालेलाल. शिट्टी वाजवून सगळ्यांना मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या, मास्तराकडं दुसरं काय असतं? पण त्यानंतर कपाटातलं पाकीट संपायला लागलं, हेही सांगायला हवं.

हसणं ओसरल्यावर मॅडमनी मला नीट समजावलं. कालव्यातून चारीला, म्हणजे फाट्याला, पाणी सुटतं ते पाळीपाळीनं, कुणाची पाळी कधी ते पाटकरी ठरवतो, आणि वरची रानं भिजवत भिजवत ते टेलला सगळ्यात शेवटी पोचतं. यंदा ते लांबलं होतं. पाणी आलं की ते थांबत नाही, उभ्या उभ्या सगळं रान भिजवून घ्यायचं. एकेका सरीचं तोंड फोडायचं, सरी भरली की चिखलानं बुजवायचं आणि पुढचं फोडायचं. याला दारं धरणं म्हणतात. घरातलं प्रत्येक माणूस त्याला लागतं.

स्पर्धेच्या तीन दिवस आधी ती मुलगी पुन्हा समोर उभी. या वेळी मी बरोबर समजलो. "सर, पाटकऱ्यानं सांगितलं. आमची पाळी नेमकी म्याचच्या दिवशी आली." आणि मैदानात न रडलेली ती मुलगी रडायला लागली.

मी मोटरसायकल काढली आणि तिच्या घरी गेलो. समोरच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली तिच्या बारावीच्या सत्काराचा फोटो. चहा आला. वडील चिडले नव्हते, त्यामुळं माझं आणखी अवघड झालं. "सर, मी तुमाला आधीच सांगितलं हुतं. मी चारीवर थांबतो, वर कुणी पानी फोडू ने म्हणून. रानात ही आन् पोरगी. आता ऊस वाळाय लागलाय. म्याच परत येती. पानी परत येईल का, कोण सांगणार?"

"एक दिवस माणूस लावा की."

"त्या दिवशी साऱ्या टेलला पानी. मोकळा माणूस आणू कुठनं?"

त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं, आणि खऱ्यापुढं माझं डोकं जास्तच फिरतं. हॉकी जाणार, या मुलींची सगळी धावपळ फुकट जाणार, हे दिसत होतं. मी ताडकन म्हणालो, "मी येतो रानात. तिला सोडा."

आई स्वयंपाकघराच्या दारात हसली. वडिलांनी माझ्या पांढऱ्या बुटांकडं पाहिलं. म्हणाले, "बुटं घरी ठिवून या."

प्राचार्यांना मी सांगितलंच नाही. मॅडम म्हणाल्या, "अहो, पहिलीच मॅच आणि कोच नाही?" मी म्हणालो, "कोच नसला तर अकरा उतरतात. ती नसली तर दहा." मॅचच्या दिवशी पहाटे संघाची जीप पुण्याला निघाली. मला तिला चार गोष्टी सांगायच्या होत्या, पण तीच मला सांगत बसली. "सर, सरी भरत आली की आधीच पुढं जाऊन ऱ्हावा. दार मोडताना खोरं आडवं घाला. आन् मोबाईल आईजवळ द्या, पडतोय पान्यात." जीप वळेपर्यंत ती काचेतून हातानं खोरं कसं धरायचं ते दाखवत होती.

पाणी उन्हं वर आल्यावर आलं. आधी पाटातला पाचोळा हलला, मग त्यामागं पाणी. त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. गुडघाभर चिखल, कापणारी पानं, आणि पलीकडून तिच्या आईचा आवाज, "सर, फुटलं, फुटलं! दार धरा!" एक बुजवावं तर मागचं वाहून जायचं. मी तिथं मैदानातल्या नवख्या मुलीसारखा पाण्याच्या मागं धावत होतो आणि पाणी माझ्या पुढं. आई मात्र न धावता सगळीकडं वेळेवर पोचत होती. मध्येच मॅडमचा फोन आला, आईनं तो माझ्या कानाला लावला. "सर, अकरा उतरल्या! गोल झाला!" "कुणाचा?" "त्यांचा." एवढ्यात मागची सरी फुटली. पुढच्या फोनलाही गोल त्यांचाच होता. एकदा मात्र मॅडम नुसत्याच ओरडत होत्या, "अडवला! अडवला तिनं! सर, पेनल्टी अडवली!" आणि मी चिखलात उभा राहून खोरं डोक्यावर धरून नाचलो. तिची आई, जिला पेनल्टी म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, तीही नाचली.

तिसऱ्या प्रहरी पाण्याची धार बारीक झाली आणि आटली. वडील चारीवरून परत आले. बांधावर उभं राहून त्यांनी रान या टोकापासून त्या टोकापर्यंत नजरेखालून घातलं. मी खोरं टेकून उभा, परीक्षेचा निकाल ऐकायला उभा राहतात तसा.

"सर, शेवटच्या चार सऱ्या कोरड्या ऱ्हायल्या."

"हो," मी म्हणालो. काही सबब सांगायची ताकद नव्हती.

"पोरीनं किती गोल खाल्लं?"

"चार. हरलो आम्ही."

त्यांनी मान हलवली. "मग फिटलं," म्हणाले.

मग ते खाली उतरले, माझ्या हातातून खोरं घेतलं, त्याचा चिखल बोटानं निपटला. आणि माझ्याकडं न बघताच म्हणाले, "पुढल्या वर्सी म्याचा कवा असत्यात ते आधी सांगत जावा सर. पाटकऱ्याकडं जाऊन बसतो. पाळी हिकडंतिकडं करता आली तर बघतो. न्हाय आली, तर तुमाला आता काम येतंच हाय."

मला रडू आलं. दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलानं भरलेले, डोळे पुसायची सोय नव्हती. तिची आई जवळ आली आणि लहान मुलाचे पुसावेत तसे तिनं पदरानं ते पुसले.