ठोके सरांची कक्षा

पदार्थविज्ञान विभागात त्यांना सगळे ठोके सर म्हणत. समोरचा बोलत असताना त्यांचं बोट टेबलावर एका लयीत पडत राही, आणि बोलणं संपलं की ते विचारत, "किती झाले?" आपण मोजलेच नाहीत हे कळलं की मनापासून हळहळत.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. क्ष-किरणांचे ठोके देणारे तारे तेव्हा नुकतेच सापडले होते. असा तारा दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरत असतो. फिरताना आपल्या बाजूला असला की त्याचे ठोके लवकर पोचतात, पलीकडच्या बाजूला असला की उशिरा. त्या लवकर-उशिरावरून त्याच्या फेऱ्याचं माप काढता येतं. मी विभागात नवी असताना सरांनी हे समजावलं आणि म्हणाले, "मॅडम, याले दुर्बीण नाही लागत. घड्याळ लागते अन् धीर लागते."

परदेशी उपग्रहाने टिपलेल्या वेळा एका नियतकालिकात छापून येत, पण आमच्या कॉलेजने ते घेणं बंद केलं होतं. मी भावाच्या लग्नाला मुंबईला गेले, तेव्हा तिथल्या ग्रंथालयात बसून सरांसाठी तो तक्ता वहीत उतरवून आणला.

त्या तक्त्यावर सरांची तीन वर्षं गेली. मधले काही दिवस उपग्रहाने पाहिलंच नव्हतं. त्या खंडात नेमके किती ठोके पडले, यातच सगळी मेख होती; एक चुकला की कक्षा वाकडी. जरा घाई करा, असं मी एकदा सुचवलं.

"काहून? तारा कुठं पळून राहिला?"

लेख परदेशी गेला आणि आठ महिन्यांनी परत आला. खंडानंतरची पहिलीच नोंद छापील तक्त्याशी जुळत नाही, असं तपासणाऱ्याने लिहिलं होतं. शिवाय तीच कक्षा दुसऱ्यांनी मोजून छापलीही होती. सरांनी पत्र माझ्यापुढे ठेवलं. मी वही उघडली. पत्रात तीन होता, माझ्या अक्षरात आठ.

सरांनी वही मिटली. मग म्हणाले, "मूळ पान मी स्वतः पाहाले पाहिजे होतं."

निवृत्तीपर्यंतची अकरा वर्षं त्यांनी नुसतं शिकवलं. माझ्याशी वागणं बदललं नाही. ताऱ्यांचा विषय मात्र त्यांनी काढला नाही, आणि मीही नाही.

ते गेल्यावर मी महाल भागातल्या त्यांच्या घरी भेटायला गेले. सरांच्या पत्नीने, वहिनींनी, चहा दिला आणि विचारलं, "इतकी वर्षं ते काय मोजून राहिले होते, तुम्हाले माहीत आहे काय?" मी जमेल तसं सांगितलं.

"अन् जमलं काय त्यायले?"

"नाही," मी म्हणाले.

"एक आकडा चुकला म्हणत. माझाच चुकला म्हणत."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी कप खाली ठेवला, येते म्हणाले आणि जिना उतरले.