मायचा खोकला आबांच्या नावावर

त्या रविवारी आबा सोलापूरहून आले ते औषधाची बाटली न घेताच. मी नळदुर्गच्या स्टँडवर त्यांना आणायला गेले होते. पिशवी चाचपली, तर आत नुसता टॉवेल आणि रिकामा डबा...

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं तेव्हाची गोष्ट. माझे वडील, म्हणजे आबा, सोलापूरच्या एका गिरणीत मागावर कामाला होते. आठवडाभर तिथं आणि सुट्टीला एसटीनं आमच्याकडं नळदुर्गला.

गिरणीत कामगार विमा नवा नवा लागू झाला होता. पगारातून थोडे पैसे कापायचे, मग डॉक्टर, औषध सगळं फुकट! गल्लीत आबांचा केवढा थाट... पण मेख अशी, की विमा फक्त कामगाराला. बायकापोरांनी आजारी पडायचं तर आपापल्या हिमतीवर.

आणि खोकत होती माझी माय.

गावातल्या औषधानं उतार पडेना, तेव्हा आबांनी शक्कल लढवली. रविवारी ते मायला समोर बसवून विचारायचे... खोकला कोरडा का ओला, ताप कधी चढतो, रात्री घाम येतो का. सगळं पाठ करायचे आणि सोलापूरला विम्याच्या दवाखान्यात स्वतःचं म्हणून सांगायचे! औषध त्यांच्या नावावर, पोटात मायच्या.

निघायच्या आधी घरात तालीम व्हायची, बरं का. आबा हुबेहूब मायसारखं खोकून दाखवायचे आणि आम्ही पोरं हसून लोळायचो. शेजारच्या चाची म्हणायच्या, "पैशाचं सोंग आणता येत न्हाय, पर खोकल्याचं आणतोय बगा ह्यो गडी!"

मायचा खोकला मात्र हटला नाही. ती वाळत चालली, संध्याकाळी कणकण येऊ लागली. आबांनी तेही इमानेइतबारे डॉक्टरांना सांगितलं... आणि सोंग अंगाशी आलं. डॉक्टरांनी त्यांना छातीचा एक्स-रे काढायला पाठवलं!

आबांची पाचावर धारण बसली. फोटो स्वच्छ निघणार, लबाडी उघडी पडणार, विमा जाणार आणि वर नोकरीही जाणार. त्या रविवारी बाटलीविना पिशवी बघून मायच्याही मनात तेच आलं.

"घावलात न्हवं?" ती म्हणाली. "म्या म्हनत व्हते, नगा करू असलं."

आबा उंबऱ्यावरच बसले. "घावलो न्हाय," ते म्हणाले. "फोटोत निघालं."

"काय निघालं?"

"टीबी. माज्या छातीत."

माय चक्क हसली. तिला वाटलं, हीही तालीमच. मग तिनं आबांचं तोंड नीट बघितलं आणि हातातलं भगुणं खाली ठेवलं.

ज्या माणसाला खोकल्याचं सोंग आणावं लागत होतं, त्याच्याच छातीत आजार मुकाट बसला होता! डॉक्टर आबांना म्हणाले होते, "फार लवकर आलात, नक्की बरे व्हाल." तेव्हा आबांनी त्यांचे पाय धरले आणि सगळं खरं सांगून टाकलं. डॉक्टर रागावले नाहीत. पण विमा तुमचा एकट्याचा, बायकोला मोठ्या सरकारी दवाखान्यात न्या... एवढंच सांगणं त्यांच्या हातात होतं.

तिथं खाटा कमी आणि रोगी उदंड. नंबर लागेपर्यंत थांबा म्हणाले.

आबांना गोळ्या सुरू झाल्या. पुढच्या रविवारी त्यांनी त्यातल्या निम्म्या मायपुढं सरकवल्या. मायनं त्या उचलून परत त्यांच्या मुठीत कोंबल्या.

"तुमी पडलात तर ही लेकरं कुनाच्या दारात जातील? आदी तुमी बरं व्हा. मंग माजं बगू."

आबा ढसाढसा रडले... पण गोळ्या घेतल्या. तिच्यासमोर बसून घेतल्या.

मायचा नंबर लागला, तोवर ती एसटीत बसण्याच्या अवस्थेत उरली नव्हती. आबा खडखडीत बरे झाले आणि माय गेली. एकाच घरात, एकाच आजारानं... अजूनही खरं वाटत नाही.

पुढं विमा कामगारांच्या घरच्यांनाही लागू झाला. आबांचा एक सोबती ती बातमी सांगायला पेढे घेऊन आला. त्याला बिचाऱ्याला काही सुचलं नसेल. आबांनी पेढा घेतला आणि न खाता माझ्या हातावर ठेवला.

परवा नातवानं पॉलिसी काढली. "आजी, तूपण कव्हर!" म्हणाला. मी म्हटलं, "आधी तुझ्या बायकोचं नाव आहे का ते बघ बाबा." तो हसला. त्याला काय माहीत...

आबा वाचले म्हणून आम्ही पोरं शिकलो, मार्गी लागलो. त्या दवाखान्याला मी आजही मनातून हात जोडते... आणि जोडलेल्या हातांतच राग दाटून येतो.