खाडीच्या तळातली केबल

ऐंशीनंतरची ती वर्षं. मी वीजखात्यात ज्युनिअर इंजिनीअर होतो, कोपरला राहायचो. खाडीतल्या एका बेटावरच्या कोळीवाड्यात अजून वीज नव्हती. मधे नुसतं पाणी, म्हणून तळातून केबल न्यायचं ठरलं आणि मार्ग आखायचं काम माझ्याकडे आलं.

पाहणी मी तिथल्याच एका नाखव्याच्या होडीतून केली. साठीचा, कमी बोलणारा माणूस. खाडीत रोवलेल्या खुंटांना जाळी बांधून तो मासे धरायचा. ती जागा त्याच्या वडिलांपासूनची. बांबू पाण्यात खुपसून तो तळ कसा आहे ते सांगत जायचा. एका ठिकाणी बांबू खटकन अडला.

“साहेब, इथं खाली खडक हाय. भरती-ओहोटीला तुमची वायर हलंल नि घासंल. चिखलातनं न्या. लांब पडंल, पन टिकंल.”

मी ते वहीत टिपून घेतलं. पण आलेली केबल लांबच्या मार्गाला पुरत नव्हती. वरिष्ठांनी नकाशावर सरळ रेघ ओढली आणि मला सही करायला सांगितलं. मी केली. नोकरी नवी होती, हे कारण पुढे मी स्वतःला पुष्कळदा दिलं.

त्या रेघेत नाखव्याचे खुंटही येत होते. ते काढायला सांगायलाही मीच गेलो. खडकाचं काय ठरलं, एवढंच त्याने विचारलं. वरचे लोक बघतील, असं मी म्हणालो. अंगणात मासळी वाळत घालणारी त्याची सून म्हणाली, घरात दिवा येत असेल तर काढा. दुसऱ्या दिवशी ओहोटीला त्याने आपल्या हाताने खुंट उपटले.

दिवे आले. नारळ फुटला, माझ्याही गळ्यात हार पडला.

तिसऱ्या पावसाळ्यात केबल गेली. निकामी तुकडा वर ओढला, तर वरच्या पोलादी तारा झिजून तुटलेल्या आणि आत पाणी. अहवालात मात्र कारण लिहिलं गेलं, होडीचा नांगर अडकल्यामुळे. अक्षर माझंच होतं. कोळीवाड्याला नुकसानभरपाईची नोटीस गेली आणि दुरुस्ती लांबत राहिली.

नोटीस घेऊन नाखवा डोंबिवलीच्या कचेरीत आला. टेबलापाशी उभाच राहिला.

“नांगर नव्हता, साहेब. तुमाला ठाव हाय.”

मी खुर्ची पुढे केली, चहा मागवला. तो बसला नाही. नोटिशीची घडी करून निघून गेला.

नव्वदीत दोन्ही काठांवर उंच मनोरे उभारून तारा वरून नेल्या. तोवर कोळीवाडा कंदिलावरच होता. लाइन चालू करायला मी गेलो, तेव्हा नाखव्याच्या दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, तो दोन वर्षांपूर्वी वारला. खुंटांची जागा गाळाने भरली, पुन्हा मासा लागलाच नाही. मुलगा-सून टिटवाळ्याला भाड्याने राहतात. तिने पत्ता देऊ का म्हणून विचारलं.

मी लिहून घेतला. टिटवाळ्याला मात्र गेलो नाही.