हार्लेममधल्या न्याहारीबद्दल खुलासा

मुलाचं घर लहान, म्हणून हार्लेमला मी जवळच्या ग्रीक कुटुंबाच्या हॉटेलात उतरलो होतो. मालकीणबाई रोज सकाळी पालक आणि चीज भरलेल्या पापुद्रेदार वड्या भाजायच्या. मी तीन खायचो. मग सून सायकलवरून पोह्यांचा डबा आणायची. तिला बरं वाटावं म्हणून मी म्हणायचो, "बरं झालं आणलेस. इथं खाण्यासारखं काही नसतं."

तिनं ते खरं मानलं आणि टोपणनावानं इंटरनेटवर हॉटेलबद्दल लिहिलं, की इथं सासरे उपाशी राहिले.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंनी रडवेल्या होऊन मलाच विचारलं, "असं कोण लिहील हो?"

"कल्पना नाही," म्हणत मी चौथी वडी घेतली.

सूनबाई, तो मजकूर अजून तिथंच आहे. काढून टाक. पोहे चांगले असायचे, पण माझी न्याहारी आधीच झालेली असायची.