फोरमनजींचं ‘ठीक’

कंप्यूटर शिकायला मला तीन महिने मिळाले होते आणि त्यातला निम्मा वेळ मी त्याच्यावर नुसतं रागावण्यात घालवला.

आमची कंपनी गाड्यांचे सुटे भाग बनवायची. फरिदाबादच्या जुन्या शेडमध्ये मी ट्रेसर होते. इंजिनियरच्या ड्रॉइंगवर ट्रेसिंगचा कागद अंथरायचा आणि शाईने रेघ न् रेघ उतरवायची. सोळा वर्षं हे केलं, माझ्या रेघेला कुणी नाव ठेवलं नाही. मग देशात नव्या गाड्या येऊ लागल्या, काम वाढलं आणि कंपनी मानेसरला नव्या इमारतीत गेली. तिथे आमच्या उंच टेबलांच्या जागी कंप्यूटर मांडलेले. साहेबांनी स्वच्छ सांगितलं, तीन महिन्यांनी माझ्यासमोर एक ड्रॉइंग यावर काढून दाखवा. नाही जमलं तर या खोलीत तुमच्यासाठी काम नाही.

मी तेव्हा बेचाळीस वर्षांची होते. दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये नवरा म्हणाला, “टेन्शन कशाला घेतेस यार? नाही जमलं तर सोडून दे.” बिचारा प्रेमानंच म्हणाला, पण मला ते असं झोंबलं की दोन दिवस मी त्याच्याशी धड बोलले नाही. मला ती नोकरी हवी होती. ती एकच गोष्ट मला नीट येत होती.

नव्या पद्धतीत सगळी ड्रॉइंगं एका सामायिक फोल्डरमध्ये असत. शेजारच्या इमारतीतली टूलरूम, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवणारा विभाग, तिथूनच ड्रॉइंग छापून घेई. एका दुपारी सराव म्हणून मी एका ब्रॅकेटचं ड्रॉइंग उघडलं, दोन भोकं सरकवून बघितली आणि जमलं म्हणून खूश होऊन सेव्ह केलं. ट्रेसरच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की मूळ कागद खाली शाबूत आहे, आपला खेळ वरच्या कागदावर. इथे वरचा कागद नसतोच, हे मला माहीत नव्हतं. विचारलंही नव्हतं. सोळा वर्षं काम केलेल्या बाईनं काल आलेल्या इंजिनियरांना काय विचारायचं, हा ताठा.

दोन दिवसांनी टूलरूमचे फोरमन जिना चढून आले. रोहतककडचे, माझ्याहून वयानं मोठे, कमी बोलणारे. त्यांनी भोकं पाडलेली एक पोलादी पट्टी माझ्यापुढे ठेवली.

“मैडमजी, ये पुर्ज़ा मैं आठ साल से बना रहा हूँ. ये छेद यहाँ कब से आ गए?”

माझ्या तोंडातून निघालं, “कंप्यूटर ने कर दिया होगा.”

त्यांनी पट्टी उचलून घेतली आणि म्हणाले, “कंप्यूटर ने किया है तो कल फिर करेगा. आपने किया है तो कल नहीं करोगी.”

मी कबूल केलं. डोळे भरून आले, त्याचीही लाज वाटली. फोरमनजी साहेबांकडे जातील असं मला वाटलं होतं. त्यांनी दार लोटलं, खुर्ची ओढली आणि हळूच विचारलं, “मुझे भी ये खोलना सिखा दोगी? टूलरूम में छापकर दूसरे देते हैं. मुझे तो माउस पकड़ना भी नहीं आता.”

त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघं एका कंप्यूटरपुढे बसू लागलो. त्यांना सांगायचं म्हणून मला आधी समजून घ्यावं लागे, म्हणून मी मुकाट्यानं त्या पोरसवदा इंजिनियरांना विचारू लागले. आधी प्रत काढायची, मग हात लावायचा, हा माझा पहिला नियम. मग आम्ही फोल्डरमध्ये एक फाइल केली. डावीकडे टूलरूमनं शंका लिहायची, उजवीकडे ड्रॉइंगवाल्यांनी उत्तर. फोरमनजी इंग्रजी अक्षरांत हिंदी लिहीत, एका बोटानं, शेवयांची खीर ढवळल्यासारखं सावकाश. समाधान झालं की लिहीत, ‘theek’. पूर्वी एका शंकेसाठी जिन्यावरून चार खेपा व्हायच्या.

तीन महिने भरले. साहेब माझ्या मागे उभे राहिले आणि मी एका नव्या पुर्ज्याचं ड्रॉइंग काढलं. जमलं. साहेबांनी मान हलवली. सही करण्याआधी म्हणाले, टूलरूमला विचारा. मी मनात निश्चिंत झाले. तिथे तर आपलाच माणूस होता.

थोड्या वेळानं आमच्या फाइलमध्ये डावीकडे फोरमनजींची ओळ आली. ‘Teesre chhed ki gehrai nahi likhi.’ तिसऱ्या भोकाची खोली लिहायची राहिली होती.

मला इतका संताप आला की कान गरम झाले. आजच्या दिवशी? मी माप लिहिलं आणि परत पाठवलं. खाली शब्द आला, ‘theek’. साहेबांनी सही केली.

संध्याकाळी बसच्या रांगेत मी फोरमनजींना गाठलंच. “आज एक दिन छोड़ देते तो क्या बिगड़ता?”

“मेरा पुर्ज़ा बिगड़ता,” ते म्हणाले. “और कल से आप मेरे ठीक पर भरोसा नहीं करतीं.”

नोकरी राहिली होती, त्याचा आनंद होताच. पण बसमध्ये खिडकीशी बसून मी रडले ती त्या माणसाविषयीच्या कृतज्ञतेनं. माझ्या कामाला इतकं खरं मानणारं मला तोवर कुणी भेटलं नव्हतं.