बसका धूर

आग विझवणाऱ्या माणसाचं निम्मं आयुष्य वाट बघण्यात जातं, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. लग्नाकार्यात कोणी ओळख करून देताना म्हणतं, "हे फायर ब्रिगेडला असतात," की समोरच्याच्या डोळ्यांत लगेच ज्वाळा दिसायला लागतात. प्रत्यक्षात माझ्या सतरा वर्षांच्या नोकरीत मी सगळ्यात जास्त काय केलं असेल, तर बंब धुतला. त्याखालोखाल कांदा चिरला.

सकाळी हजेरी, मग टाकी भरायची, पंप चालू करून बघायचा, ओले पाइप पसरून वाळवायचे, चहा प्यायचा. मग विहिरीत पडलेली म्हैस, पत्र्यावर अडकलेलं मांजर, नाहीतर मासळीच्या गाडीतलं पाणी सांडून बुळबुळीत झालेला उतार धुऊन काढायचा. पावसाळ्यात रस्त्यावर पडलेली झाडं. एका गृहस्थांनी तर बाथरूमची कडी अडकली म्हणून बोलावलं, आणि आत ते स्वतःच होते. आम्ही गेलो तर आतून विचारतात, "चप्पल बाहेर काढलीत ना?"

आमच्या पाळीत चौघे. पाळीचे प्रमुख दाभोळचे, त्यांना आम्ही दादा म्हणायचो. त्यांची पेन्शन दीड वर्षावर आली होती. ड्रायव्हर नाटे गावचा. पंपावरचा माणूस दिवसातून चार वाक्यं बोलायचा, त्यातली दोन जेवणाबद्दल असायची. आणि चौथा मी. फोनवर बहुतेक मीच, कारण माझा आवाज समजुतीचा आहे असं दादांचं मत होतं. घाबरलेल्या माणसाला माझ्या आवाजानं धीर येतो म्हणे.

ड्रायव्हर मिरकरवाड्याच्या बंदरावरून मासळी आणायचा आणि दादा तिला नावं ठेवायचे. "ह्यो बांगडा नाय रे, बर्फाची लादी हाय. मासा खायचा तर आमच्या खाडीचा." त्यावर ड्रायव्हर म्हणायचा, "दादांनू, तुमच्या खाडीतला मासा जाळ्यात येत नाय, तुमची बडबड ऐकून कंटाळून वर येता." हे भांडण मी सतरा वर्षं ऐकलं. माझ्या सख्ख्या भावाशी माझं इतकं बोलणं झालेलं नाही. ताप आला तर डबा कुणाच्या घरून येईल, पोरीच्या प्रवेशाला सोबत कोण येईल, हे मला विचारावं लागलं नाही.

आता धुराबद्दल सांगतो. होळीच्या मागेपुढे आमच्याकडे भाजावळ सुरू होते. भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, वाळका पातेरा, तोडलेल्या फांद्यांची कवळ पसरतात, वर माती टाकतात आणि सावकाश जाळतात. त्या दोन-तीन महिन्यांत रत्नागिरीच्या कुठल्याही सड्यावर, म्हणजे वरच्या कातळमाळावर, उभं राहिलं तरी दहा ठिकाणी धूर दिसतो. गावच्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. पण नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलेली माणसं गॅलरीत येतात, धूर बघतात आणि आम्हाला फोन लावतात. सुरुवातीला प्रत्येक फोनला बंब निघायचा आणि शेतकरी कोयतीवर हात ठेवून आमच्याकडे बघत बसायचा. तेवढ्यात खरा वणवा दुसरीकडे कुणाची तरी आंब्याची बाग खाऊन जायचा.

म्हणून आम्ही दोन प्रश्न ठरवले. धूर काळा की पांढरा? धूर चालतोय की बसलाय? दुसरा प्रश्न ड्रायव्हरनं शोधून काढलेला. वणव्याचा धूर चालतो, भाजावळीचा बसतो, हे त्याचं म्हणणं, आणि ते शंभरात नव्वद वेळा खरं निघालं. बसका धूर म्हटलं की आम्ही जागचे हलायचो नाही. त्या महिन्यांत कॉलच्या वहीत पेन्सिलनं लिहायचीही पद्धत पडली होती. बंब निघाला तर पेन्सिलीवर पेन फिरवायचं, नाही निघाला तर संध्याकाळी खोडून टाकायचं. नाहीतर वही महिन्याभरात भरायची आणि वरचे साहेब ओरडायचे. ही पद्धत कुणी सुरू केली ते आठवत नाही. मोडायची मात्र कुणालाच सुचली नाही.

त्या दिवशी दुपारी ड्रायव्हरनं बांगड्याचं तिखलं केलं होतं. सकाळपासून भाजावळीचे तीन फोन येऊन गेले होते. चौथा आला तेव्हा मी ताटं मांडत होतो. वैतागूनच उचलला, पण आवाज समजुतीचाच ठेवला.

"ओ, धूर आलाय ओ. लय धूर आलाय," म्हातारी बाई होती. तिनं शहराबाहेरच्या, सड्याखालच्या एका वाडीचं नाव सांगितलं.

"काकू, धूर काळा की पांढरा?"

"पांढराच हाय."

"चालतोय की बसलाय?"

ती जराशी थांबली. हा असला प्रश्न कुणालाही पहिल्या झटक्यात कळत नाही, हे मला माहीत होतं. मग म्हणाली, "बसलाय ओ. हितंच बसलाय. आमचे हे झोपून असतात, त्यांका खोकला लागलाय."

झोपून असतात म्हणजे अंथरुणाला खिळलेले, हे कोकणातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मी मात्र ऐकलं ते असं, की म्हातारा दुपारचा पडलाय आणि धुरानं त्याची झोपमोड झालीय. पोटात भूक होती आणि कानात फक्त एक शब्द राहिला होता, बसलाय.

"भाजावळ असेल, काकू. घाबरू नका. दारं-खिडक्या लावून घ्या, धूर आत येणार नाही. तासाभरात कमी होईल."

"लावू? बरा, लावतंय," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

तिचं ते 'बरा' मला अजून ऐकू येतं. डॉक्टरनं गोळी सांगितल्यावर माणूस म्हणतो, तसं ती म्हणाली होती.

ड्रायव्हर हातात डाव घेऊन दारात उभा होता. "कोनचा?"

"भाजावळ."

"जाऊन येवया काय? जवळ तर हाय."

"आणि तुजा तिखला कोण खाईल, मेल्या? वाढ गपचूप," मी म्हणालो. सगळे हसले. मी पेन्सिलनं एक ओळ लिहिली आणि जेवायला बसलो. चवीनं जेवलो, हेही सांगून टाकतो. पुन्हा आमटी घेतली.

हात धुवायच्या आधीच दुसरा फोन आला. पुरुषाचा आवाज, नुसता ओरडत होता. वाडी तीच. आम्ही उष्ट्या हातांनी गाडीत चढलो. ड्रायव्हरनं गाडी अशी हाणली की वळणावर दादांनी डोळे मिटून घेतले.

घर खोलगटात होतं, चहूबाजूंनी माडपोफळी, वाऱ्याला शिरायला जागा नाही. घराच्या मागच्या भिंतीला लागून पेंढ्याची उडवी रचलेली होती. वरच्या अंगाला कुणाचीतरी भाजावळ चालू होती, तिची ठिणगी उडवीवर पडली असणार. पेंढा एकदम भडकत नाही, आतल्या आत धुमसतो, आणि त्याचा धूर पांढराच असतो. त्या खोलगटात त्याला चालायला वाटच नव्हती. म्हातारीनं दोन्ही प्रश्नांची उत्तरं अगदी बरोबर दिली होती.

आम्ही पोचलो तेव्हा मागच्या बाजूचे वासे पेटले होते. सगळी दारं-खिडक्या बंद. पाणी मारायला मागचं दार दादांनी आणि मी फोडलं, पंपावरच्यानं पाणी सोडलं, आणि ड्रायव्हर, ज्याचं काम गाडी सोडायची नाही हे आहे, तो तोंडाला ओला टॉवेल बांधून पुढच्या दाराची कडी काढून आत घुसला आणि म्हाताऱ्याला खांद्यावर घेऊन आला. त्यांच्या अंगाला आगीचा चटकासुद्धा लागलेला नव्हता. अंगावरची चादर नीट होती. धुरानंच गेले होते.

त्यांना एकटीनं उचलणं तिला शक्य नव्हतं. मी सांगितल्याप्रमाणे तिनं दारं लावली होती, आणि धूर वाढला तशी बाहेरून कडी घालून वरच्या घरांतली माणसं बोलवायला चढणीनं गेली होती. दुसरा फोन तिथल्याच एकाचा होता; ती माणसं आमच्या पाठोपाठ खाली उतरली. तिच्या पायांनी तिला जितकं लवकर येता आलं तितकं लवकर ती आली. फोन घरातच राहिला आणि जळाला. फणसाखाली बसून ती येईल त्याला सांगत होती, "मी फोन केलाव. अगोदरच केलाव ओ." दादांनी ते ऐकलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि पाइप गुंडाळायला लागले.

परत आल्यावर दादा थेट टेबलापाशी गेले. त्यांनी वही उघडली, खोडरबर घेतला, ती ओळ खोडली आणि फुंकर मारली. मग दुसरा फोन पेनानं लिहिला. मला एक शब्द विचारला नाही. "चहा टाका रे कुणीतरी," एवढंच म्हणाले.

चौकशीला साहेब आले. त्यांनी चौघांना वेगवेगळं बसवून विचारलं आणि चौघांनी एकच सांगितलं. फोन एकच आला, लगेच निघालो. आमचं आधी काही ठरलं नव्हतं. ठरवायची गरजच पडली नाही, इतकी वर्षं एका ताटात जेवलो होतो. पंपावरचा माणूस, ज्याला चार वाक्यं जड, तो म्हणे सलग दहा मिनिटं खोटं बोलला.

मी का गप्प बसलो? पहिले काही दिवस नोकरीच्या भीतीनं, यात काय लपवायचं. पोरगी शिकत होती. नंतर भीती गेली, पण तोवर वाट बंद झाली होती. मी तोंड उघडलं तर ओळ खोडणारे दादा आधी अडकणार, पेन्शन तोंडावर आलेली. मग साहेबांसमोर खोटं बोलणारे बाकीचे दोघे. या तिघांनी मला वाचवायला आपल्या माना माझ्या मानेला बांधून ठेवल्या होत्या. असं प्रेम शत्रूवरही कुणी करू नये.

कुणी मला शिवी दिली असती तर मी त्याचे पाय धरले असते. "जाऊन येवया काय," हे त्याचे शब्द ड्रायव्हरनं मला कधी ऐकवले नाहीत. उलट बांगड्याचा मधला तुकडा माझ्या ताटात पडायला लागला. दादा आणि ड्रायव्हर मासळीवरून भांडायचे, पण आता मला हसवण्यासाठी भांडायचे, ते कळायचं. ते दोन प्रश्न आमच्याकडे पुन्हा कुणी विचारले नाहीत. फोन वाजला की ड्रायव्हर आधी गाडी चालू करायचा. त्या उन्हाळ्यात आम्ही पन्नास भाजावळी बघून आलो असू. शेतकरी हसायचे. आम्ही त्यांना नमस्कार करून परत यायचो.

बायकोला एकदा सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही काय मुद्दाम केलंत?" मुद्दाम केलं असतं तर निदान शिक्षा तरी मागता आली असती, हे तिला कसं समजावणार? मी कूस बदलून पडून राहिलो.

गणपती झाल्यावर एका दुपारी म्हातारी स्टेशनवर आली. पिशवीत आमसुलं होती. तुम्ही अर्धं घर वाचवलंत, ह्यांना बाहेर आणलंत, म्हणून. दादांनी तिला खुर्ची दिली. ड्रायव्हरनं पाणी आणलं. मी फोनच्या टेबलापाशी होतो, उठून जायला वाट नव्हती.

"झील म्हनतो, आई, तुजा फोन तिकडं गेलाच नाय," ती दादांना सांगत होती. "त्यांच्या वहीत नाय म्हनतो. माजाच नंबर चुकला असनार. आंगुली कापत व्हती माजी. कोनाला लागला देव जाने. तो मानूस म्हनाला, दारा लाव. मी लावली. कडी पन मीच घातली ओ. कोनाचा ऐकलाव मी?"

दादा खिडकीबाहेर बघत राहिले. त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. मला ते तेव्हाही कळत होतं. तोंड उघडलंही, आणि मला आठवलं, की मी नुसतं 'काकू' म्हटलं तरी ती आवाज ओळखेल. मी तोंड घट्ट मिटलं.

मग ती माझ्याकडे वळली. "माका तुमचा नंबर मोठ्या अक्षरांत लिवून दे, बाबा. पुन्ना चुकाया नको." मी पाठकोऱ्या कागदावर बोटभर उंचीचे आकडे काढले. तिनं कागद हातभर लांब धरला आणि एकेक आकडा बोट ठेवून मोठ्यानं वाचला. शेवटच्या आकड्यावर तिचं बोट थांबलं.

"ह्योच तर लावलाव मी," ती म्हणाली. "असा वाटता." मग मान हलवून तिनं कागदाची घडी केली. "नाय. चुकलाच असनार. ह्योच लावलाव असता तर तुमी आलाव असता."

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तू काय बोलत नायस रे?"

"त्याचा घसा धरलाय, काकू," ड्रायव्हर पटकन म्हणाला.

"मग मिठाच्या गुळण्या कर, बाबा," ती उठत म्हणाली. "तुजा काम फोनवर बोलायचा. मानसा तुमच्या आवाजावर असतात."

मी मान हलवली.