रेखाच्या भिंतीला चुना मारला

विसरलात ना? वाटलंच होतं.

सकाळपासून शाळेच्या ग्रुपवर गुड मॉर्निंगची फुलं पाठवताय. तुमच्या रेखा बाईंना जाऊन आज वर्ष झालं, हे एकाच्याही ध्यानात नाही.

मी रेखाची सासू. सांगतेय मी, लिहितेय नात. मला अक्षर येत नाही, पण राग येतो.

काल शाळेत गेल्ते. विज्ञानाच्या वर्गातली मागची भिंत पांढरीफेक!

रंगारी म्हणतो, "आजी, भिंतीवर लई बुरशी धरली हुती. दोन हात मारले तवा झाकली."

बुरशी!

अरे बाबा, ते विश्व हुतं.

अख्खी दिवाळीची सुट्टी खपली होती रेखा त्यावर. काळ्या भिंतीवर चुन्यात बुडवलेली सुतळी ताणायची आणि गवंडी रेघ मारतो तशी फटकन सोडायची. म्हणायची, लई लांबून बघितलं तर सगळं विश्व असं जाळ्यासारखं दिसतं.

दोऱ्यांवर बोटानं ठिपके द्यायचं काम माझं. एक ठिपका म्हणजे एक आकाशगंगा.

मधली भोकं मोकळी बरी दिसेनात, म्हणून मी तिथंही चार ठिपके दिले.

"आत्या, पुसा ते. तिथं जवळजवळ काहीच नसतं."

"एवढी जागा पडीक? सातबारा कुणाच्या नावावर हाय?"

हसता हसता स्टुलावरून पडायची बाकी होती.

"आन् ही जाळी टिकती कशावर?"

"न दिसणारं काहीतरी आहे, आत्या. ते सगळ्यांना धरून ठेवतं."

"दिसत न्हाई, तर हाय कशावरून?"

"ओढतं ना ते. त्यावरून."

एवढं तुम्हालाही शिकवलं तिनं. आणि शाळेवरून रोज गाड्या पळवता, एकानंही रंगाऱ्याला थांब म्हटलं नाही.

हेडमास्तर म्हणतात, "फोटो असेल तर परत काढू." नुसत्या भिंतीचा फोटो कुणाकडंच नाही. सगळ्यांनी भिंतीपुढं आपापले सेल्फी काढलेत. तोंडं एवढाली, विश्व कानामागं.

तेच पाठवा. कानामागं दिसेल तेवढी भिंत नात मोबाईलवर जोडणार आहे. लाजू नका, तोंडं कापून टाकू.

रविवारी सकाळी काळा रंग आणि सुतळी घेऊन शाळेत या. ठिपके मी देणार, त्यात कुणी बोट घालायचं नाही.

रेखा, तुझी पोरं येतात का बघते. नीट राहा गं, जिथं असशील तिथं.

ज्यांना यायला जमणार नाही, त्यांनी बाजरीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पाठवा. पिठलं नको. पिठलं खाल्लं की पोरं भिंतीला टेकून झोपतात, आणि चुना ओला असणार.